वाण असावे घरचे
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुम्हाला शिवणटिपण येते, टाकाऊ वस्तूंतून काही करता येते, त्यावर चार शब्द बोला." मी भाषणे देणारी बाई नव्हे. पण विषय आपल्या घरातला आहे, हळदीकुंकवातला आहे, म्हणून धीर करून उभी राहिले. मी जे बोलणार ते तुमच्यापैकी पुष्कळ जणींना ठाऊक आहे. तरी एकत्र बसून एखादी गोष्ट बोलली की ती पक्की होते, एवढाच माझा हेतू.

संक्रांत जवळ आली की आपल्या डोक्यात एकच विचार सुरू होतो, यंदा वाण काय लुटायचे? संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवे चालतात. एकेका संध्याकाळी तीन तीन घरी जावे लागते. तीळगूळ, हळदकुंकू, हातावर अत्तर आणि शेवटी वाण. हा आपल्या बायकांचा सण. पुरुषांना त्यात काही काम नाही. असलेच तर बाहेर सतरंजीवरून चपला बाजूला करण्याचे!

मात्र गेली काही वर्षे या सणाला एक ओझे चिकटले आहे. साधा हिशेब करून पाहू. समजा, पंचवीस बायकांना बोलावले. चाळीस रुपयांच्या आत बाजारात धड वस्तू मिळत नाही. म्हणजे झाले हजार रुपये. त्यात तीळ, गूळ, पानसुपारी आणि आल्यागेल्याला दूध वेगळे. ज्या घरात महिन्याच्या पंचवीस तारखेला डब्यांचे तळ दिसतात, त्या घरच्या बाईने हे हजार रुपये कोठून आणायचे? आणि एवढे करून आपण काय देतो? प्लॅस्टिकची चाळणी, प्लॅस्टिकची डबी, प्लॅस्टिकची टोपली. प्रत्येकीच्या माळ्यावर अशा वस्तूंची एक पिशवी असते. त्या वापरवत नाहीत आणि वाण म्हणून टाकवतही नाहीत. ब्लाउजपिसाचे तर विचारूच नका. एकच तुकडा पाच घरच्या ओट्या भरून सहाव्या वेळी आपल्याच ओटीत येतो, आणि आपण तो घडीवरून ओळखतो!

यात हसण्यासारखे आहे तसे वाईट वाटण्यासारखेही आहे. आपल्या पेठेत एक बाई आहेत. चार घरी पोळ्या करून संसार चालवतात. हाताला चव, बोलण्यात गोडवा. पूर्वी त्या सगळीकडे हळदीकुंकवाला येत. मग येईनाशा झाल्या. कोणी म्हणाले, वेळ नसेल. कोणी म्हणाले, मानी आहेत. एकदा मी त्यांना सरळ विचारले. त्या म्हणाल्या, "ताई, घ्यायला यायचे म्हणजे द्यायला बोलवायला हवे. पंचवीस घरचे घ्यायचे आणि आपण दार लावून बसायचे, हे बरे दिसत नाही. त्यापेक्षा न आलेले बरे."

बहिणींनो, हे वाक्य मी विसरू शकत नाही. ज्या समारंभात एकमेकींना गोड बोलायचे, त्याच समारंभाला एक बाई गरिबीपायी येत नाही. मग आपण वाण लुटतो म्हणजे करतो तरी काय?

आपल्या जुन्या बायकांनी वाण कसे ठरवले होते ते पाहा. सुगडात काय घालतात? उसाचे करवे, गाजराचे तुकडे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा, गव्हाच्या ओंब्या, तीळगूळ. यातली एक तरी वस्तू दुकानाच्या काचेआडची आहे काय? पौषात शेतात जे पिकते तेच सुगडात जाते. ज्याच्या शेतात बोर त्याने बोरे द्यावीत, ज्याचा ऊस त्याने ऊस. सुगड कुंभाराकडून आणायचे, बाकी सारे घरचे. मूळची रीत अशी की आपल्याकडे आहे त्यातले थोडे दुसरीला द्यावे. आता आपल्यापैकी बहुतेकींकडे शेत उरले नाही. तरी घर आहे, आणि घरात वापरून झालेल्या पण धड असलेल्या कितीतरी वस्तू आहेत. त्यातून हाताने काही करून द्यावे, म्हणजे ती जुनी रीतच नव्याने पाळल्यासारखे होईल.

यावर कोणी म्हणेल, "जुन्याचे वाण? शुभकार्यात जुने द्यावे काय?" हा प्रश्न मला आमच्या घरातूनच विचारला गेला होता. त्याचे उत्तर मी असे देते. बाळ जन्मले की त्याला पहिल्यांदा कशात गुंडाळतात? नव्या कोऱ्या कापडात नाही. आजीचे जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे फाडून दुपटी करतात. नवे कापड बाळाच्या अंगाला बोचते. जन्माच्या वेळी जे कापड शुभ, ते संक्रांतीला अशुभ कसे होईल? द्रौपदीने श्रीकृष्णाच्या बोटाला बांधली ती चिंधीच होती. सुदाम्याने नेले ते मूठभर पोहेच होते, आणि तेही फाटक्या वस्त्रात बांधलेले. देवाने पुरचुंडी सोडली, वस्त्राची किंमत विचारली नाही.

अलीकडच्या काळातलेही एक उदाहरण आहे. 1947 साली नोव्हेंबरमध्ये इंग्लंडच्या राजकन्या एलिझाबेथ यांचे लग्न झाले. जगभरातून हिरेमाणके गेली. गांधीजींनी काय पाठवले? स्वतः कातलेल्या सुताचे, हाताने विणलेले एक लहानसे वस्त्र. त्यावर मधोमध 'जय हिंद' असे विणले होते. राजकन्येला द्यायचे म्हणून त्यांनी बाजारातून काही आणले नाही. आणि ती राजकन्या पुढे राणी झाली तरी ते वस्त्र तिच्याजवळ जपलेले होते. हेच गांधीजी आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर लिहीत, हे तर सर्वांना माहीत आहे. तेव्हा काटकसर ही लपवण्याची गोष्ट आहे, हे मनातून काढून टाकू या.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. घरच्या वस्तूंतून वाण करायचे, याचा अर्थ घरातला केर दुसरीच्या पदरात घालायचा असा नव्हे. मी वाणाला दोन कसोट्या लावते. देणारीला ते जड होऊ नये, आणि घेणारीच्या घरी त्याची अडगळ होऊ नये. दोन्ही कसोट्यांना उतरेल तेच वाण. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून पुष्कळ ठिकाणी बाटलीला चमकी लावतात, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर करतात. बाटली फुकट खरी, पण तिला लावायची लेस, टिकल्या, चमकी आणि डिंक यांना शंभर-दीडशे रुपये पडतात, आणि ती वस्तू कपाटावर धूळ खात बसते. तेव्हा नियम असा की दोऱ्याखेरीज काही विकत आणायचे नाही आणि शोभेपेक्षा उपयोगाकडे पाहायचे.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. आधी कापडाचे सांगते, कारण आपल्या घरात सर्वांत जास्त साठते ते कापडच.

सुती साडी जुनी झाली की ती उजेडासमोर धरून पाहावी. बसून बसून मधला भाग विरलेला असतो, त्यातून उजेड येतो. निऱ्यांचा खालचा काठ झिजलेला असतो. पण पदराकडचा आणि आतल्या टोकाचा भाग पुष्कळदा चांगला असतो. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरून कापड ताणावे. टर्रकन फाटले तर ते पिशवीचे नव्हे, गोधडीच्या पोटात घालण्याचे. फाटले नाही तर पिशवीला घ्यावे.

साडी साडेपाच मीटर, म्हणजे सुमारे 216 इंच लांब आणि 45 इंच पन्ह्याची असते. लांबीत 18 इंचांची पट्टी कापली की 18 बाय 45 चा तुकडा मिळतो. त्यातला 37 इंचांचा भाग दुमडून पिशवी होते, उरलेल्या 8 इंचांत 4 इंच रुंदीचे दोन बंद निघतात. वेगळे कापड लागत नाही, चिंधीसुद्धा उरत नाही. या हिशेबाने पूर्ण साडीच्या बारा पिशव्या व्हाव्यात. विरलेला भाग सोडला तर आठ हाती लागतात. कापड पातळ असेल तर दुहेरी घ्यावे, मग चारच होतील. पण त्या चार पिशव्या कांदे-बटाट्यांचे वजन पेलतील. शिवताना आधी सुलट बाजूने एक शिवण घालावी, मग उलटून दुसरी, म्हणजे आत दशा राहत नाहीत आणि भाजीचा कचरा अडकत नाही. बंद जेथे जोडतो तेथे चौकोनी टीप मारून मध्ये फुली घालावी. पिशवी फाटते ती नेहमी बंदापाशीच.

आपल्या राज्यात 2018 साली प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. 2022 च्या 1 जुलैपासून एकदाच वापरून टाकायच्या कितीतरी प्लॅस्टिकच्या वस्तूंवर देशभर बंदी आली. तरी आपण भाजीला रिकाम्या हाताने जातो आणि भाजीवाल्याकडे पिशवी मागतो. घडी करून पर्समध्ये राहील अशी कापडी पिशवी वाणात आली तर ती माळ्यावर जाणार नाही, रोज बाजारात जाईल.

घरात मुलांच्या जीन्स पडून असतात. गुडघ्यावर फाटल्या तरी मांडीचे कापड दणकट असते. त्याचे वीतभर चौकोन कापून चार थर एकावर एक ठेवावे, आडवी-उभी टीप मारावी आणि कोपऱ्यात अडकवायला नाडी लावावी. गरम भांडे उतरवायला यासारखे दुसरे फडके नाही. पण येथे सावध राहा. हे काम फक्त सुती कापडाचे. टेरिकॉट, नायलॉन, चकचकीत ओढणी यांचे फडके करू नये. ते उष्णतेने वितळते आणि हाताला चिकटते. कापड सुती आहे की नाही हे कळत नसेल तर त्याचा एक दोरा काढून चिमट्यात धरून जाळावा. सुती दोरा कागदासारखा जळून त्याची राख होते. दुसऱ्या जातीचा दोरा आक्रसतो आणि त्याची कडक गोळी होते.

मोडक्या छत्रीचे कापड तर बहुतेक जणी काड्यांबरोबर टाकून देतात. ते पाण्याला दाद देत नाही. पाकळ्या उसवून, दोन दोन जोडून पिशवी करावी. ओली छत्री ठेवायला, मुलांचे ओले कपडे शाळेतून आणायला, प्रवासात साबण-टॉवेल ठेवायला ती उपयोगी पडते. आठ काड्यांच्या छत्रीतून चार पिशव्या निघतात.

रेशमी साडी विरली तरी काठ टिकतो. त्याचे बटवे करावे. ताटली पालथी ठेवून गोल आखावा, आतून जुन्या परकराचे अस्तर द्यावे, कडेने नेफा घालून दोन्ही बाजूंनी नाडी ओवावी. सुपारी-लवंग, सुटी नाणी, डूल काही ठेवा. आणि ज्या आठवणीच्या साडीचा काठ असेल त्या आठवणीसकट तो बटवा जातो. आमच्या शेजारच्या आजींनी आपल्या लग्नातल्या शालूच्या काठाचे असे सात बटवे करून सात नातींना दिले. शालू एक होता, तो एकीलाच मिळाला असता. आता सातही जणींकडे आजी आहे.

लहान तुकडे आणि विरलेले कापड उरले त्याचे काय? त्याची दुपटी आणि आसने. चार थर घालून कडेपासून आत आत धावदोरा घालत जावे. ज्या घरी बाळ यायचे असेल त्या घरच्या सुनेला दुपट्यासारखे वाण नाही. मात्र बाळाच्या कापडाला टिकल्या, मणी, बटणे लावू नयेत. ती निघून बाळाच्या तोंडात जातात.

आता कागद. शाळेचे वर्ष संपले की प्रत्येक वहीत मागची आठ-दहा पाने कोरी राहतात. दोन मुलांच्या बारा वह्या धरल्या तर शंभर पाने झाली. ती काढून, कडा सारख्या करून, मधोमध दोऱ्याने शिवावी आणि घरपोच येणाऱ्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे आवरण मैद्याच्या खळीने चिकटवावे. झाली हिशेबाची वही. दूधवाला, वाणी, गॅस यांचा हिशेब लिहायला प्रत्येकीला वही लागतेच.

लग्नपत्रिका जाड कागदाच्या असतात. त्यांची आहेराची पाकिटे फार सुबक होतात. एक जुने पाकीट अलगद उकलून त्याचा आराखडा घ्यावा, तो पत्रिकेवर ठेवून कापावा आणि कोरी बाजू बाहेर ठेवून चिकटवावे. पत्रिकेवरचा गणपती कापायचा जिवावर येतो, तो आधी नीट कापून बाजूला ठेवावा आणि पोथीत खूण म्हणून घालावा. बारा पाकिटांचा एक गठ्ठा दोऱ्याने बांधून दिला की वर्षभर लग्नामुंजींना पुरतो.

वर्तमानपत्राच्या पिशव्या करता येतात, मलाही येतात. पण त्यात तीळगूळ, वडी, चिवडा घालू नका. छपाईची शाई खाण्यात उतरते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2016 साली याबाबत सर्वांना सावध केले आहे. कागदाची पिशवी बांगड्यांना, फुलांना, कापडाला वापरावी. खाण्याच्या वस्तूला स्वच्छ धुतलेली काचेची बाटली किंवा डबा हवा.

बाटल्यांचेही एक तंत्र आहे. लोणच्या-जामच्या काचेच्या बाटलीचा वास जात नाही अशी तक्रार असते. बाटली साबणाने धुऊन त्यात खायचा सोडा आणि कोमट पाणी घालून रात्रभर ठेवावे, दुसऱ्या दिवशी धुऊन उन्हात पालथी न ठेवता उताणी ठेवावी. उकळायची असेल तर गार पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवावे. एकदम उकळत्या पाण्यात घातली तर तडकते. पत्र्याच्या झाकणाच्या बाटलीत लोणचे देऊ नये, मिठाने आणि आंबटाने झाकण गंजते. तिच्यात कोरडेच भरावे. तिळाची चटणी, जवसाची चटणी, दोडक्याच्या शिरांची चटणी. शिरा आपण सोलून टाकतो, त्याच तेलावर कुरकुरीत परतून तीळ, सुके खोबरे, मीठ, मिरची घातली की घास वाढतो. उन्हाळ्यात कलिंगड-खरबुजाच्या आणि भोगीला लाल भोपळ्याच्या बिया धुऊन वाळवून ठेवल्या, तर सोलून भाजून मुखवासात घालता येतात. औषधाच्या किंवा फिनेलच्या बाटल्या मात्र कितीही धुतल्या तरी खाण्याला वापरू नका.

थंडीत संत्री स्वस्त होतात. साली धुऊन सावलीत कडकडीत वाळवाव्या, मिक्सरमधून बारीक करून वस्त्रगाळ कराव्या, त्यात डाळीचे पीठ आणि चिमूटभर हळद घालून उटणे करावे. हे संक्रांतीला चालते, आणि पुढच्या दिवाळीसाठी साली आताच वाळवून ठेवता येतात.

शेवटी, ज्यांना शिवण येत नाही त्यांच्यासाठी एक सोपे वाण. नारळाच्या करवंटीला तीन डोळे असतात. त्यातला एक मऊ असतो, तो टोचला की आपोआप भोक पडते. पाणी निचरायला तेवढे पुरे. करवंटीत माती आणि चहाचा धुतलेला चोथा घालून त्यात पानओव्याची फांदी खोचावी. ती फार लवकर धरते. गवती चहाच्या गड्ड्यातून एक ठोंब, कोरफडीच्या बुडाशी आलेले पिल्लू, हेही चालते. सर्दीखोकल्याच्या घरात पानओव्याचे रोप कोणाला नको असेल?

आता मैत्रिणींनो, एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. हे वाण फुकट आहे असे आपण म्हणतो. पैसे लागत नाहीत हे खरे, पण वेळ लागतो, डोळे लागतात, कंबर लागते. बाईच्या वेळाला किंमत नाही असे समजून 'घरीच तर असते, करेल पंचवीस पिशव्या' असे कोणी म्हणू नये. सासूबाईंनी ठरवायचे आणि सुनेने रात्री जागून शिवायचे, असेही होऊ नये. म्हणून दिवाळी संपली की सुरुवात करावी. रोज एक वस्तू केली तर महिन्यात तीस होतात. आणि शक्य तर एकटीने करू नये.

गेल्या तीन वर्षांपासून आपल्या मंडळात आपण हेच करत आलो. मार्गशीर्षात चार बुधवारी दुपारी दोन ते चार बसायचे. ज्यांच्याकडे जास्त जुने कापड, त्यांनी कापड आणायचे. ज्यांच्याकडे यंत्र, त्यांनी टीप मारायची. ज्यांना यंत्र येत नाही त्यांनी कापायचे, नाड्या ओवायच्या, घड्या घालायच्या. सगळे वाण एका टोपलीत जमा. संक्रांतीला प्रत्येकीने त्यातून आपल्या घरच्या हळदीकुंकवापुरते न्यायचे. कोणाचे कापड, कोणाची शिवण, कोणाची कात्री, काही कळत नाही. त्यामुळे कोणाचे वाण भारी आणि कोणाचे हलके हा प्रश्नच राहिला नाही. कारागिरीचीही चढाओढ झाली असती, तीही टळली.

दुसरे आपण असे ठरवले की वाण प्रत्येक बाईला द्यायचे. कुंकू कोणी लावावे, कोणी लावू नये, हे जिने तिने आपले ठरवावे. पण पिशवी, वही आणि पानओव्याचे रोप यांना नवरा असण्यानसण्याशी काय देणेघेणे? पहिल्या वर्षी दोघीतिघी कुरकुरल्या. नंतर ज्या बायका कित्येक वर्षे दाराआडून हळदीकुंकू पाहत, त्या पुढे येऊन बसल्या तेव्हा कुरकुरणाऱ्यांनीच त्यांना सरकून जागा दिली. आज बुधवारच्या बैठकीत सर्वांत नेटका धावदोरा घालणाऱ्या त्याच आहेत.

आणि त्या पोळ्या करणाऱ्या बाई? पहिल्या वर्षी त्या बुधवारी आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी एक दिवस कामावरून परतताना दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझ्याकडे छत्र्या आहेत." ज्या घरी त्या पोळ्या करतात तेथल्या मोडक्या छत्र्या त्यांनी मागून घेतल्या होत्या. पाच छत्र्यांच्या वीस पिशव्या झाल्या. त्या वर्षी त्यांनी आपल्या एका खोलीच्या घरी हळदीकुंकू केले. आम्ही पाच पाच जणी आळीपाळीने आत गेलो, कारण सगळ्या एकदम मावत नव्हतो. पावसाळ्यात पाहा, निम्म्या पेठेच्या हातात त्यांचीच पिशवी असते.

एवढ्याचसाठी मी हा विषय घेतला. पैसे वाचतात, कचरा कमी होतो, प्लॅस्टिक घरात येत नाही, हे सगळे फायदे आहेतच, आणि ते लहान नाहीत. तरी माझ्या मते सर्वांत मोठा फायदा हा की देण्याची संधी सगळ्यांना मिळते. घेणे कोणालाही जमते. देता यावे अशी प्रत्येक बाईची इच्छा असते, आणि जिला देता येत नाही तिला घेण्याचेही सुख लागत नाही. वाणाची किंमत आपण चाळीस रुपयांवरून शून्यावर आणली तर आपल्यातली एकही बाई उंबऱ्याबाहेर राहणार नाही.

म्हणून माझी सर्वांना विनंती आहे की आज घरी गेल्यावर एक काम करा. कपाटाच्या तळाशी जी साडी नेसत नाही, देतही नाही अशी पडली असेल, ती बाहेर काढा आणि उजेडासमोर धरून पाहा. धड निघाली तर पहिल्या बुधवारी घेऊन या. विरलेली निघाली तरी घेऊन या, तिची दुपटी करू. आणि शेजारची जी बाई येत नाही, तिला कारण न विचारता फक्त एवढे म्हणा, "कात्री धरायला माणूस हवे आहे, चला."